एकविसावा दिवस

सकाळी सहाला हिसानोने काचघराची वरची झडप चार बोटे उघडली, तापमापक पाहून भिंतीवरच्या कागदावर अठरा लिहिले, आणि रोज शेवटी पाहायची ती कुंडी आज सगळ्यांत आधी पाहिली. हावर्थिया या छोट्या, मांसल झाडाच्या काचेसारख्या पानांपैकी तळची आणखी दोन रात्रीतून पिवळी पडली होती. सासऱ्यांनी तीस वर्षे जपलेल्या त्या झाडाची मुळे कुजत चालली होती. वर, काडीएवढ्या देठावर, शेवटचे एकच बोंड फुगले होते. ते तडकल्यावर बी उडू नये म्हणून सासऱ्यांनी त्यावर सरबताच्या नळीचा तुकडा टोपीसारखा चढवला होता.

एकवीस दिवसांपूर्वी मांजराच्या गळलेल्या मिशीने तिनेच गॅस्टेरिया या दुसऱ्याच झाडाचा पराग त्या फुलात सोडला होता. सोयरीक दूरची होती. गेली तीन वर्षे बोंडे फुगली, सातव्या आठवड्यात तडकली आणि नळीत नुसता कोंडा निघाला. गेल्या वर्षी पंचविसाव्या दिवशी एक बोंड कापून तिने भिंगाखाली पाहिले होते. आतला गर्भ आधीच सुकू लागला होता.

"पुन्हा तिथेच? तुझ्या बघण्यानंच वाळेल ते," सासरे किहाचिरो दारातून म्हणाले.

"बाबा, आजच कापू या. गर्भ जिवंत असेल तर बाटलीतल्या खुराकावर वाढेल."

"बोंड कसं टच्च भरलंय, दिसत नाही?"

"तिन्ही वर्षी टच्चच होतं की."

"आणि कच्चं बी बाटलीत मेलं तर?"

"मग मीच मारलं म्हणा. म्हणणारच आहात."

"म्हणेनच. मेल्यावरसुद्धा येऊन म्हणेन," असे पुटपुटत ते चहाला वळले.

तिने पाणी घातले, कुंड्या हलवल्या, पुन्हा होत्या तिथेच ठेवल्या. समुद्राचा वारा काचा वाजवत होता. तासाभरात चार वेळा ती त्या कुंडीपाशी येऊन उभी राहिली. झाडाला दुसरा देठ येणार नव्हता. वाट पाहिली तर दोष कुणाचाच नसेल, आणि बीही नसेल.

नऊला तिने नळी काढली, धुतली आणि सासऱ्यांच्या रिकाम्या पेल्याशेजारी ठेवली. मागच्या खोलीत हात धुऊन, बोंड जंतुनाशकात बुडवून तिने ज्योतीवर तापवलेल्या पात्याने ते उभे चिरले. पांढरी, ओली सतरा बीजे चिमट्याने एकेक करून बाटलीतल्या खुराकावर ठेवली. चिठ्ठीवर रीतीप्रमाणे आधी आई-झाडाचे नाव लिहिले, मग बाप-झाडाचे, मग तारीख. बाटली अंधाऱ्या फळीवर सरकवून तिने दार लोटून घेतले.