दोन बोटांची फट

एका क्लिकचं काम कुणी दोन क्लिकमध्ये करताना दिसलं की वहिनीला राहवायचं नाही. मग तो ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस असो नाहीतर कालच लागलेली पोरगी, ही आपली खुर्ची सरकवत शेजारी जाणार आणि म्हणणार, "अहो, माऊस कशाला फिरवताय गावभर? कीबोर्ड काय शोभेला ठेवलाय?" दरवाजे, खिडक्या, बेसिनं, जिने असं सगळं तिनं कॉम्प्युटरवर एकदाच नीट काढून साठवून ठेवलं होतं. हवं ते उचला, हवं तिथं ठेवा, पुढे चला. तोच दरवाजा पुन्हा पहिल्यापासून काढणं म्हणजे घासलेलं भांडं परत घासणं, असं ती तोंडावर सांगायची, आणि ऐकणाऱ्याला राग आला तरी संध्याकाळी तो वेळेवर घरी जायचा. म्हणून तिच्यावर कुणी फार वेळ रागावून बसत नसे.

ऑफिस होतं एका आर्किटेक्ट मॅडमचं. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, कोपऱ्यात मोठे कागद छापणारा प्लॉटर, टोकाला मॅडमची केबिन. वहिनीच्या शेजारचं टेबल दादाचं. दादा म्हणजे तिचा नवरा. पण ऑफिसानं त्याला दादा म्हटलं म्हणून ती वहिनी झाली, आणि पुढे तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं.

दादा जुन्या काळातला. लाकडी बोर्डावर कागद ताणून, टी-स्क्वेअर धरून, शाईच्या पेनानं नकाशे काढायचे, त्या काळात शिकलेला. ती नवीन लागली तेव्हा तिला पहिली रेघ त्यानंच शिकवली. "रेघ शिकवता शिकवता पोरगी पळवली की यानं!" असं तेव्हाचे लोक चिडवायचे. पुढे कॉम्प्युटर आले, तिनं ते आधी गिळले आणि मग दादाला शिकवले. एकमेकांचे गुरू झाले म्हणा ना! पण रेघ मात्र दादाची. पाठीमागे त्याला सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. मॅडम बाकी सगळ्यांची ड्रॉइंग बोट ठेवून तपासायच्या, दादाच्या ड्रॉइंगवर मात्र नुसती सही करायच्या. "ओळंब्याला काय तपासायचं?" म्हणायच्या.

आणि नेमका त्याचाच उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे मागे फिरणारं दुखणं नाही, एवढं स्वच्छ सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यात दादा तिला म्हणाला, "ऑफिसात बोलायचं नाही हं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ मिटून दाखवायला गेला तर ती मूठही हलत होती. दोघं हसले. दुसरं करणार काय?

वहिनी कामाला लागली. तिचा स्वभावच तो. संकट आलं की रडण्याआधी ती त्याचा शॉर्टकट शोधायची. माऊस जमत नाही ना? मग माऊस लागणारच नाही असं करू. तिनं दादाच्या मशीनवर सगळी कामं एकेका अक्षरावर आणली. डाव्या हातानं अक्षर दाबायचं, आकडा टाकायचा, भिंत तयार. ज्या कामाला पूर्वी दहा ठिकाणी क्लिक करावं लागे, ते दोनतीन ठिकाणी करून भागायला लागलं. दादाचा चेहरा उजळला. "अगं, हे आधी का नाही दिलंस? काय गाढवमेहनत केली मी आयुष्यभर!"

पण उरलेल्या दोनतीन क्लिकचं काय? रेघेचं टोक पकडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असतेच, पण दाबता दाबता हात घसरला की रेघ भलतीकडेच जाऊन थांबते. एका दुपारी दादा भिंतीत रंग भरायला गेला आणि रंग भरेचना. कोपऱ्यात कुठंतरी केसाएवढी फट राहिली की मशीन ती भिंत बंद मानत नाही. दादा फट शोधत राहिला. चष्मा काढला, लावला, पडद्याला नाक लावलं. कपाळावर घाम. समोरच्या टेबलावरची पोरं बघताहेत हे त्याला कळत होतं, आणि ते त्याला कळतंय हे वहिनीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला उठला तेव्हा तिनं त्याच्या मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम टाकला. असले प्रोग्रॅम ती स्वतःच लिहायची. दादानं ड्रॉइंग सेव्ह केलं की तो प्रोग्रॅम गुपचूप चालणार, जवळजवळ आलेली टोकं जुळवणार, किंचित तिरकी रेघ सरळ करणार. केसाएवढी फट असेल तरच. दादाला तिनं ताकास तूर लागू दिली नाही. सांगणार तरी कसं? तुमच्या रेघा मी मागून पुसून घेते, असं ओळंब्याला सांगायचं?

मग काय, दादाचं काम धावायला लागलं. मॅडम एकदा सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटून म्हणाल्या, "बघा, शिका जरा! या वयात वेग वाढलाय यांचा, आणि रेघ तशीच." घरी जाताना दादा फुटपाथवरून पोरासारखा टणाटण चालत होता. "गोळ्या लागू पडल्या बघ," म्हणाला. वहिनी म्हणाली, "हो."

हात मात्र बिघडतच गेला. केसाची मर्यादा पुरेना, तेव्हा तिनं ती नखाएवढी केली. मग बोटाएवढी. मग, प्रत्यक्ष बांधकामातल्या मापानं, चांगली दोन बोटं. दर वेळी ती स्वतःला म्हणायची, एवढंच, आता याच्यापुढे नाही. आपल्या माणसासाठी मर्यादा वाढवताना हात कधी आखडतो का कुणाचा?

त्यातच मुलामुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. शेजारी शेजारी दोन इमारती, बाहेरून एक दिसणाऱ्या पण आतून सुट्या. उन्हानं इमारत फुगते, थंडीत आकसते, म्हणून अशा दोघींच्या मधे गच्चीपासून खालपर्यंत सलग फट सोडावी लागते. फार नाही, दोन बोटं. दादानं ती आठवणीनं सोडली. थरथरत्या हातानं दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरोबर काढली, आणि सेव्ह केलं.

प्रोग्रॅमला काय कळतंय, कुठली फट हात हलल्यामुळे पडली आणि कुठली मुद्दाम ठेवली! त्यानं दोन्ही भिंती चिकटवल्या. एका इमारतीचं माप तेवढ्यानं वाढलं आणि त्यावरचा आकडाही मुकाट्यानं बदलला, कारण रेघ हलली की आकडा आपोआप बदलावा ही सोयसुद्धा वहिनीनंच लावलेली. मॅडमनी न बघता सही केली. ड्रॉइंग साइटवर गेलं. कळलं तेव्हा दोन मजल्यांच्या भिंती एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या होत्या आणि आता पाडाव्या लागणार होत्या.

साइटवरून फोन आला तेव्हा मॅडम बाहेरच्या खोलीतच होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर ते ड्रॉइंग उघडलं. फट नव्हती.

"मी ठेवली होती," दादा म्हणाला. "मला चांगलं आठवतंय, मॅडम. मी ठेवली होती."

दादा पडद्याकडे बघत राहिला, मग त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि तो हात हळूच टेबलाखाली घेतला. वहिनीला पहिल्या क्षणीच सगळं उमगलं होतं. तोंड उघडलं तर एवढ्या लोकांत तो उघडा पडणार, गप्प बसलं तर दोष त्याच्या हातावर जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, आज घरी जा. उद्या बोलू." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर दादा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. उजवा हात समोर ठेवला आणि डाव्या हातानं त्याच्यावर चापट मारली. मग आणखी एक. मग मारतच राहिला. "घात केलास ना मेल्या? ऐन वेळी घात केलास!" खोडकर पोराला बडवावं तसा तो आपल्याच हाताला बडवत होता, आणि तो हात बिचारा थरथरत मार खात होता.

वहिनीला ते बघवेना. तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "अहो, थांबा! तुमच्या हातानं नाही केलं ते. मी केलं." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. प्रोग्रॅम, केस, नख, दोन बोटं, काहीही हातचं राखलं नाही.

दादानं हात सोडवून घेतले.

"म्हणजे मॅडमनी माझी पाठ थोपटली, तेव्हा तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"आणि मी गोळ्यांचं कौतुक करत होतो."

"अहो, मला वाटलं..."

"काय वाटलं? म्हातारा खूश राहील?" त्याचा आवाज चढला. "मला सांगायचंस गं! वाकडी काढली असती मी रेघ, पण माझी काढली असती. उठून गेलो असतो मग. ओळंबा म्हणूनच गेलो असतो. आता कोण म्हणून जाऊ?"

तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, ती पुसायचंही तिला सुचेना. काही वेळानं त्यानंच विचारलं, आणि आवाज एकदम लहान झाला होता, "शेवटचं माझं कुठलं? ज्याला तू हात लावला नाहीस, असं?"

तिला माहीत होतं. खोटं सांगावं असं वाटलं, एखादी शाळा, एखादा बंगला. पण एका दिवसात आणखी किती फसवायचं माणसाला? "बसस्टँडच्या मागची संडासं," ती म्हणाली.

दादा आधी नुसता बघत राहिला. मग हसला, अगदी पोट धरून हसला. "वा रे नशीब! आयुष्यभर रेघा ओढल्या आणि शेवट कुठं झाला बघ!" तीही हसली, आणि हसता हसता तो कधी रडायला लागला ते दोघांनाही कळलं नाही. तिनं त्याला जवळ घेतलं तेव्हा या वेळी त्यानं तिला दूर केलं नाही.

सकाळी त्यानं स्वतःच, वेळ लावून, शर्टाची बटणं लावली. वाटेत म्हणाला, "तू काही बोलायचं नाहीस. मी बोलणार."

"मी मॅडमना खरं सांगणार आहे," वहिनी म्हणाली. "चूक माझी आहे."

"आणि मग? तुलाही घालवतील. आपण दोघं घरात बसून काय करायचं, भिंती बघायच्या? माझा हात तसाही जायचाच आहे. तुझे दोन्ही धडधाकट आहेत." तो थांबला. "आणि एक सांगू? संडासांपासून पुढचं माझं काही नाही, हे तुला-मला कळलं तेवढं पुरे. त्यांना नको कळायला. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

ती त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत ऑफिसचा जिना चढली.

मॅडमच्या केबिनमध्ये दादानं आपला उजवा हात उचलून सरळ टेबलावर ठेवला. काचेवरच्या पेनाची टकटक व्हायला लागली. मॅडम त्या हाताकडे बघतच राहिल्या. "असा आहे बघा," दादा म्हणाला. "कधीपासूनचा आहे. लपवला मी. फट माझ्याच हातून मिटली. उगाच दुसऱ्या कुणाला बोलू नका. मी थांबतो आता."

मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "दादा, हातात हे घेऊनसुद्धा तुम्ही इतकी सुंदर ड्रॉइंग काढत होतात?"

दादा मान खाली घालून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही शेजारीच बसत होतात," मॅडम तिच्याकडे वळल्या. "हा हात घेऊन सगळं यांनी एकट्यानं काढलं?"

वहिनीनं दादाकडे बघितलं. त्यानं मान वर केली होती. तो तिच्याकडे असा बघत होता, जसं त्यानं आयुष्यात कधी काही मागताना बघितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "सगळं त्यांनीच काढलं."