रुखवतातली काचेची चांदी

बयाबाईंनी नाव ठेवलं नाही असं रुखवत आजऱ्यात आजवर मांडलं गेलेलं नव्हतं. लाडू दिसला की हातात घेऊन जोखायच्या, भरतकामाचा रुमाल उलटा करून गाठी बघायच्या, आणि मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायच्या. तो निकाल पोरीला पुढं जन्मभर पुरायचा. अशी ही बाई संयोगिताच्या नशिबी चुलतसासू म्हणून आली. नुसती चुलतसासू असती तरी भागलं असतं हो! पण नवऱ्या मुलाची, ऋतुराजची, आई तो पाळण्यात असतानाच गेली आणि त्याला वाढवलं ते बयाबाईंनीच. त्या घरात शब्द कुणाचा चालणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

साखरपुड्यालाच बाईंनी तोंड उघडलं. "पोरगी एम. कॉम. हाय म्हणं. म्हंजे हाताला काम लागलेलं नसणार." बायका फिदीफिदी हसल्या. "रुखवत इकत आणून मांडू नगासा बरं का. आमच्यात पोरीच्या हातचंच लागतंय. इकतचं दिसलं तर मी भर मांडवात बोलणार. काय येतंय गं तुला?"

इथं शहाण्या पोरीनं मान खाली घालून गप्प बसायचं असतं. पण संयोगिता कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलेली, तिला गप्प बसायला कुणी शिकवलंच नव्हतं. "काचेची चांदी करतो मी," ती म्हणाली. "साधी काचेची भांडी आणायची आन् शंभर वर्साच्या जुन्या चांदीगत करून दाखवायची. बघशीलाच की!"

खरी गोष्ट अशी की तिनं तोवर एक वाटीसुद्धा केलेली नव्हती. कुठल्याशा मासिकात फोटो बघितला होता आणि खालच्या चार ओळी वाचल्या होत्या. पाव्हणे उंबऱ्याबाहेर पडले मात्र, तिची आई चिमणाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जिभेला काय हाड हाय का न्हाय तुझ्या? आता कुठनं आणणार ती चांदी?"

"करतो की," संयोगिता म्हणाली. आणि ते मासिक शोधायला आत पळाली.

महाद्वार रोडवरून साध्या काचेची सुरई आली, पेले आले, वाट्या आल्या, एक बुटकी बरणी आली. रंगारी भिंतीच्या भेगा बुजवायला लांबी वापरतात, ती थोडी आणून तिनं वार्निशात सैल केली आणि मेंदीच्या कोनात भरली. मग त्या कोनानं काचेवर वेली काढल्या, कोयऱ्या काढल्या, सुरईच्या पोटावर पिसारा मिटलेला मोर बसवला. वाळल्यावर नक्षी अशी उठून आली की बोट फिरवलं तर डोळे मिटूनही मोर कळावा. त्यावर चंदेरी रंगाचा हात दिला. आता शेवटचं काम. सगळ्यावर काळा रंग फासायचा आणि तो ओला असतानाच फडक्यानं पुसून घ्यायचा, म्हणजे काळं खोबणीत राहतं आणि भांडं जुनं दिसतं. मासिकात हे एवढंच लिहिलं होतं आणि ते अगदी सोपं वाटत होतं.

लग्न तोंडावर आलेलं. सकाळी काळा रंग फासून झाला आणि संयोगिता फडकं शोधतेय तोच कासार दारात! चुडा भरायला दुपारी येतो म्हणालेला माणूस सकाळीच टपकला. झालं. नवरीला पाटावर बसवलं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या चढल्या, बायकांनी गाणी धरली. ती उठायला बघते तर आई दंडाला धरून खाली बसवते. "आता कशाला हात लावशील तर बघ! चुड्यातली एक जरी बांगडी पिचकली तर लोक काय म्हणतील?"

संध्याकाळी कशीबशी सुटका झाली तेव्हा काळा रंग बसला होता. फडक्यानं हलेना. एका वाटीला रॉकेल लावून बघितलं तर काळ्याबरोबर चंदेरीही निघून आली आणि उघडीबोडकी वाटी हातात राहिली. बाकीची भांडी चुलीवर जन्म काढलेल्या पातेल्यांसारखी काळीठिक्कर. संयोगितानं ती सगळी घमेल्यात भरून न्हाणीच्या मागं ढकलली आणि पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडली. रडू भांड्यांसाठी नव्हतं. बयाबाई भर मांडवात काय बोलणार, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं, आणि तिचं नाव आजऱ्यात कायमचं 'बोलकी पण बिनकामाची' असं पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी शिरोळहून शालूआत्ती आल्या. लग्नघरी आलेली आत्ती चहा पिऊन लोडाला टेकते, असं कुठं झालंय का? आल्या आल्या पदर खोचला, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढली, चिंच भिजवली, मीठ घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि न्हाणीमागं ठाण मांडलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज अख्ख्या घरात घुमला.

"अगं चिमणे! रुखवताला ही काळीकुट्ट भांडी मांडणार व्हय तुमी? लग्नघर हाय का सुतकाचं घर?"

संयोगिता हातातलं टाकून उठली. धावत जाऊन बघते तर आत्ती सुरई मांडीत घेऊन शेंडीनं खसाखसा घासतायत! "आत्ती, सोडा! मोर गेला माझा!" तिनं सुरई हिसकावून घेतली, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि तिथंच उभी राहिली.

मोर कुठं गेला नव्हता. मोर आत्ताच कुठं बाहेर आला होता! उठलेल्या कडा चांदीच्या निघाल्या होत्या, पिसाऱ्याच्या खोबणीत काळं जसंच्या तसं बसलं होतं, आणि आत्तींचा हात जास्तच फिरला होता तिथं चांदीही विरळ होऊन झिजल्यासारखी दिसत होती. पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी घासलेली सुरई दिसते तशी. दिसणारच की! घासणारा हातही तसलाच होता.

"काय बिघाडलं व्हय गं?" आत्तींनी बिचकून विचारलं.

संयोगितानं त्यांचा चिंचेनं चिकट झालेला हात धरून कपाळाला लावला. "बिघाडलं? आत्ती, वाचवलंसा मला!" मग तिनं बांगड्या वर सारल्या, त्यावर ओढणी घट्ट आवळली आणि आत्तींच्या शेजारी फतकल मारली. आई ओरडत होती, ओरडू दे. आत्या-भाची खिदळत शेंडी चालवत होत्या. चुडा शाबूत राहिला आणि रुखवत तयार झालं.

लग्नादिवशी बाहेर बँड ऐन जोरात असताना बयाबाई वऱ्हाडणींचा ताफा घेऊन रुखवतापुढं आल्या. आतल्या खोलीत नवरीची वेणी चालली होती. मधल्या दाराला नुसता पडदा. संयोगितानं पडद्याकडं कान लावला. लाडवांना बोल लागला, शेवयांना लागला. मग पाळी आली भांड्यांची.

"ही चांदी कुणाची?" बयाबाई कडाडल्या. "काचेची करतो म्हणालती न्हवं? ही तर जुनी खानदानी चांदी हाय! कुणाच्या घरातली मागून आणलीसा?"

"काचच हाय ती," चिमणाबाई काकुळतीला आली. "वाजवून बघा की."

"ह्या बँडात काय आईकू येणार? चांदी वळखायला मला शिकवू नगा. माझी नजर हाय ती! चिमणाबाई, खोटं रुखवत मांडलासा तुमी."

आईला खोटारडी म्हणाली! संयोगिता तटकन उठली. अर्धी वेणी मोकळी, गजरा एका पिनेवर लोंबकळतोय, अशी ती पडदा सारून बाहेर आली. मांडलेल्या ओळीतला एक पेला उचलला. त्याच्यावरची वेल तिची सर्वांत देखणी वेल होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बयाबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि हात सोडला.

खळ्ळ!

बायकांनी तोंडावर हात नेले. लग्नात काच फुटली! कोण काय बोलणार तोच शालूआत्ती मागून गरजल्या, "फुटली ती इडापिडा!"

बयाबाई मात्र खाली वाकल्या. एक तुकडा उचलला, उजेडात धरला. वर चांदीची पानं, आतून स्वच्छ काच. त्यांनी पानावरून नख फिरवलं, खोबणीतलं काळं बघितलं, पुन्हा उजेडात धरला. सारा मांडव त्यांच्या तोंडाकडं बघत होता. संयोगितानं मान काही खाली घातली नाही.

"ही येल तू काढलीस?"

"व्हय."

"हातानं?"

"हातानंच की."

बयाबाई उभ्या राहिल्या. बँडवाल्यांकडं बघून त्यांनी असा हात केला की वाजंत्री मधेच थांबली. आणि मग, ज्या आवाजात आजवर डझनावारी रुखवतं झोपवली होती, त्याच आवाजात त्या ओरडल्या, "ए, इकडं या गं सगळ्याजणी! माझी नजर फशिवली हिनं! काच हाय, काच! माझ्या सुनंनं केलीया!"

बायकांची झुंबड उडाली. चिमणाबाई डोळे पुसत हसत होती, आणि संयोगिताला इतका आनंद झाला की रडावं का नाचावं ते कळेना. त्या गर्दीत बयाबाईंनी एक पेला अलगद उचलून पदराखाली घातला. चिमणाबाईनं ते बघितलं. "अवो, रुखवत सगळं तुमच्याकडंच येणार हाय की!"

"म्हाईत हाय," बयाबाई म्हणाल्या. "ह्यो मी घिऊनच जेवायला बसणार. गावातल्या बायका कसल्या हातचलाख हाईत, मला इचारा!"