बाटलीतली गाठ

“काढली म्हणता, तर दावा की गाठ!” कुशाबाई ऑपरेशनच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

आमच्या यवतला हे ठरलेलंच. मुतखडा असो नाहीतर पिशवी, जे काढलं ते घरच्यांना डोळ्यांनी पाहायचं असतं.

दाखवायला काहीच नव्हतं. तिचा नवरा, कासुर्डीचे मल्हारीआबा, हलती दाढ काढायला आले होते. एक्स-रेत जबड्याच्या हाडात वाटोळा काळा डाग दिसला आणि आमचे डॉक्टर बोलून बसले, गाठ आहे. आबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी घरात रडारड झाली. आज हाड कोरलं, तर आत नुसता खळगा आणि त्यात लाळेची साधी ग्रंथी. डॉक्टरांनी घाबरून पुण्याच्या सरांना फोन लावला. ते ओरडले ते मलाही ऐकू आलं. “अरे, काहींच्या हाडाला असतो तसा खळगा! त्याला हात लावायचा नसतो!”

फोन ठेवून डॉक्टर मला म्हणाले, “करुणा, बाटलीत घालून काहीतरी दे तिला.”

काहीतरी! सकाळी एका ट्रक ड्रायव्हरची किडकी दाढ काढली होती. तिच्या मुळाला चिकटलेलं पुवाळलेलं मांस बादलीत पडलं होतं. ते मी चिमट्यानं उचललं, नळाखाली धुतलं आणि बाटलीत घातलं. डॉक्टरांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी. पण नोकरी हवी होती.

कुशाबाईनं बाटली उजेडात धरली. “एवढीशी मेली, आन् माझ्या धन्याला खात हुती व्हय!”

दोन महिन्यांनी आबा एकटेच आले, डॉक्टरांसाठी घरच्या उसाच्या गुळाची ढेप घेऊन. डॉक्टरांनी ती हसत हसत घेतली. लाज कशाशी खातात, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी आबांना जिन्यात गाठलं. “आबा, तुमच्या जबड्यात गाठ नव्हतीच. उगाच चिरलं तुम्हाला.”

आबा हसले. “नव्हती म्हंजी? डोळ्यानं बघितली की आमी. तुमीच तर आणून दिली, ताई.”

बोलताना त्यांच्या खालच्या ओठावरून लाळ ओघळून सदऱ्यावर पडत होती. ऑपरेशननंतर तो ओठ बधिरच राहिला होता. मी रुमाल पुढं केला.

“ह्यो कशाला?” त्यांनी विचारलं.