माझ्या पोटातला आरसा

मित्रांनो, मी एक जुना अडॅप्टर आहे. नाव ऐकून बिचकू नका. एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला बसत नाही, तेव्हा दोघांच्या मध्ये पडून त्यांचे जमवून देतो, तो मी. दुकानातले माझे भाऊबंद काळ्याभोर धातूचे आणि गुळगुळीत असतात. मी मात्र घरी जन्मलो, तोही नळाच्या पाइपातून. मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, हा मोरीतूनच निखळून आला असावा.

मला घडवले ते टिकलीच्या मामाने. घरोघरी नळ जोडणे हा त्याचा धंदा. टिकली त्याची भाची. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द वाचायची. ‘मामा’ आणि ‘बाबा’ ओठांवर अगदी सारखेच दिसतात, त्यामुळे लहानपणी ती मामालाही बाबा म्हणे आणि पाहुण्यांसमोर दोघांची चांगलीच फजिती होई. पण आईचे ओठ वाचावेत तर तिनेच! आई वळता वळता काही पुटपुटली, तरी टिकलीचे उत्तर तयार असे.

आणि त्याच आईच्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूचे हाड काढावे लागेल. आई बरी होईल, पण तिचे तोंड पूर्वीसारखे हलणार नाही. मित्रांनो, तुमच्या आईचा आवाज एका दिवसात बदलला तर तुम्हाला कसे वाटेल? टिकलीच्या बाबतीत नेमके तेच होणार होते. म्हणून ठरले, की शस्त्रक्रियेआधी आईचे बोलणे चित्रित करून ठेवायचे. गोष्टी, रोजची बडबड, रागावणेसुद्धा. पुढे आईचे नवे ओठ शिकताना टिकलीला जुन्या ओठांचा आधार राहील.

मामाकडे एक छोटा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा होता, पण तो जरा भोळसटच. आईचे तोंड, मागचे कपाट, दोरीवरचे कपडे, हलणारा पडदा, सगळे सारखेच ठसठशीत दाखवायचा. टिकलीची नजर ओठांवरून घसरून पडद्यावर जाई. कॅमेरा अगदी जवळ नेला, तर आईचे नाक बटाट्याएवढे दिसे. मग मामाने आजोबांच्या जुन्या फोटो कॅमेऱ्याची लेन्स बाहेर काढली. ती चेहरा तेवढा लख्ख ठेवून मागचे सारे धूसर करी. अशी लेन्स घरात एकच होती.

ती बसवण्यासाठी मामाने पाइपाचा एल्बो घेतला. एल्बो म्हणजे काटकोनात वळलेला सांधा. त्याच्या एका तोंडाला लेन्स लावली. तिच्या मागे घासघासून दुधी केलेली काच बसवली. लेन्समधले चित्र या काचेवर उमटायचे, पण उलटे. आई छताला लटकल्यासारखी दिसायची! म्हणून मामाने माझ्या वळणावर एक तिरका आरसा चिकटवला. कॅमेरा वरून माझ्यात डोकावला, की आई पुन्हा सरळ बसलेली दिसे. त्या आरशाचा मला कोण गर्व! मामाही दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

चाचणी झाली ती आई दवाखान्यात जाणार त्याच दिवशी. माझ्या सांध्यांना लावलेले सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा गोंद, आधी वाळतच नव्हते, त्याला मामा तरी काय करणार? आई खुर्चीत बसली. टिकली बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसली. कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत लांब वायर ओढली होती.

“ताई, नुसते ओठ हलव,” मामा म्हणाला. “तिला कळलं, तर हा पठ्ठ्या पास.”

नाहीतरी टिकलीशी बोलताना घरात कोणी आवाज काढत नसे. आता तर आवाज काढला, की आईचा जबडा ठणकायचा. आईने ओठ हलवले. आम्ही उत्तराची वाट पाहिली. बाहेरून काहीच आले नाही. आईने पुन्हा ओठ हलवले. थोड्या वेळाने टिकली दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता.

“ती बाई कोण आहे?” तिने विचारले. तिचे शब्द थोडे घोळून येत.

“अगं, आईच आहे ती!”

“नाही. आईसारखी आहे. पण आई नाही.”

मामाने लेन्स पुसली, काच पुसली, वायर काढून पुन्हा लावली. टिकली मान हलवत राहिली. तिचे डोळे भरून आले. शेवटी मामाने घेतलेले चित्र टीव्हीवर पुन्हा लावले आणि आईला पाहायला बोलावले.

“मीच तर आहे रे,” आई म्हणाली. “रोज आरशात दिसते, तश्शीच.”

मामा जागच्या जागी थिजला. “काय म्हणालीस?”

“आरशात दिसते तशी.”

मामाने कपाळावर हात मारून घेतला. मित्रांनो, दोष माझ्याच पोटात होता! आरसा डाव्याचे उजवे करतो. गाठीमुळे आईचे तोंड डावीकडे कमी उघडायचे, आणि टिकलीने गेले कित्येक महिने ते तसेच वाचले होते. माझ्या आरशाने ती बाजूच बदलून टाकली होती. आईला ते खटकले नाही, कारण स्वतःचा चेहरा तिने जन्मभर आरशातच पाहिला होता. आणि मामाला? तो तर माझ्याकडेच पाहत बसला होता.

इतक्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. पाठोपाठ टिकलीच्या बाबांची हाक आली, “चला, उशीर होतोय!”

“आलोच, भावजी!” मामा ओरडला आणि त्याने पिशवीतून करवत काढली.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. पण माझे कोण ऐकतो? करवत फिरली, माझे वळण तुटले, आरसा फरशीवर पडून फुटला. मामाने माझे दोन तुकडे सरळ रेषेत जुळवले. सोल्युशन वाळायला वेळ नव्हता, म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. काचेवरचे चित्र आता पुन्हा उलटे झाले होते. मामाने कॅमेराच स्टँडवर उलटा टांगला. उलट्याचे उलटे ते सुलटे! डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. टिकली डोळे पुसून पुन्हा टीव्हीसमोर गेली.

हॉर्न पुन्हा वाजला. आजोबांची लेन्स दगडासारखी जड. तिच्या ओझ्याने माझी चिकटपट्टी ताणली जाऊ लागली, सांधा किंचित वाकला. खाली टणक फरशी. लेन्स पडली, की सगळेच संपले. मामाने मला दोन्ही हातांनी धरले आणि श्वास रोखला.

“ताई, बोल काहीतरी. पण लवकर. हे फार टिकायचं नाही.”

आईने लेन्समध्ये पाहिले. कुणीही तब्येतीचे विचारले, की ती म्हणायची, “काही नाही हो, किरकोळ आहे.” मामाला तेच, बाबांना तेच, शेजाऱ्यांनाही तेच. आता मात्र तिचे ओठ सावकाश हलले. मामाची नजर सांध्यावर खिळली होती. त्याला काहीच दिसले नाही.

मला वाटले, आपण दुसऱ्यांदा नापास झालो.

मग टिकलीचा आवाज आला, “आई, मलाही वाटते. मलाही भीती वाटते.”

“काय?” मामा गोंधळला. “ताई, तू काय म्हणाली होतीस?”

बॅग न्यायला वर आलेले बाबा दारातच थबकले. आईने या वेळी, जबडा ठणकत असताना, आवाज काढून सांगितले, “म्हणाले, मला भीती वाटते.”

टिकली धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. बाबा बॅग टाकून दोघींजवळ गेले. मामालाही जायचे होते. पण मला सोडता येईना, म्हणून तो तिथेच उभा राहून रडला.

मग टिकलीनेच डोळे पुसले. आईला खुर्चीत नीट बसवले आणि म्हणाली, “आता गोष्ट सांग. आणि रागाव पण.” गाडीवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून दमला. आई बोलत राहिली, आणि मी जीव मुठीत धरून टिकलो.

आई बरी होऊन घरी आली. तिचे तोंड खरेच बदलले होते. टिकली सुरुवातीला गडबडायची, चिडायची, आईची हनुवटी धरून “पुन्हा बोल” म्हणायची. टीव्हीवर जुनी आई आणि समोर नवी आई, एकच वाक्य दोघी बोलायच्या. हळूहळू टीव्हीची गरज लागेनाशी झाली. आता आईला घरात मनातल्या मनात पुटपुटायचीसुद्धा चोरी आहे.

मी एका खोक्यात पडून आहे. माझी चिकटपट्टी सुटली आहे, काचेवर धूळ बसली आहे. लेन्स अजून शाबूत असेल, तर तिला कोरड्या फडक्याने पुसा. मला पुसले नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, घरातले माणूस बोलत असेल, तेव्हा हातातले काम ठेवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. आवाज कानावर पडतो, म्हणून आपण पाहायचेच सोडून देतो. त्या घरात आईजवळ चांगले ऐकू येणारी दोन मोठी माणसे होती, आणि आईला भीती वाटते आहे हे त्यांच्यापैकी एकालाही ऐकू आले नव्हते.