तिसऱ्या गर्डरची रेघ

नंदुरबार स्टेशनात मिरच्यांच्या गोण्या. वॅगनचं दार अर्धं उघडं.

लोखंड ओढलं की लांबतं, सोडलं की मागे येतं. किती वेळा, ते इंजिनियरच्या पुस्तकात आहे.

गँगमनच्या फडक्यात कडक झालेली भाकर.

सन १९३८, कार्तिक. नंदुरबारपासून चार मैलांवर, नाल्यावरचा रेल्वेपूल.

पुलावर दोघंच. लोटन, रूळ-पूल तपासणारा गँगमन, वय छप्पन्न, हातात हातोडा. हिंमतराव, म्हसावदचा, पुण्याला शिकून आलेला इंजिनियर, काखेत वही. वहीतलं गणित असं, की प्रत्येक गाडी गर्डरचं, पुलाच्या लोखंडी तुळईचं, आयुष्य थोडं थोडं खाते. गाडीचं वजन, दिवसाच्या गाड्या, सगळ्याची बेरीज. उत्तर: अकरा वर्षं शिल्लक.

लोटनने तिसऱ्या गर्डरच्या रिव्हेटवर, ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यावर, हातोडा मारला. मग शेजारच्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. पहिल्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा.

"सायेब, हाई बद्द वाजस."

"तात्या, मांगला साल बी तुमले असंच ऐकू उनं व्हतं. गाडी दोन तास उभी ऱ्हायनी. काय निंघनं? गंज!"

"हा."

"आते परत चुकनात तं साहेबलोक घर धाडतीन. मन्हाकडथून बी काही व्हवाव नही."

लोटन खाली बसला. गुडघे दुखत होते. म्हणाला, "तेल लाई दखूत."

त्याने गर्डरवर रॉकेल चोपडलं, पुसलं, वरून खडूचं पाणी फिरवलं; तडा असला तर त्यात मुरलेलं तेल खडूवर उमटतं. खडू वाळला तशी रिव्हेटपासून बोटभर काळी रेघ उमटली.

हिंमतराव हसला. "हाई तं तुमनं दसरानं तेल शे."

खोटं नव्हतं. दर दसऱ्याला गँग पुलाची पूजा करायची, तेल-शेंदूर नेमका इथेच लावायची. थरावर थर. त्या थरांच्या सुरकुत्यांतून तेल पाझरणारच.

लोटनने छिन्नी घेतली. शेंदूर खरवडला, रंग खरवडला, त्याखालचा जुना रंग. तास गेला. हिंमतराव रुळावर बसून जांभया देत होता. उघड्या लोखंडावर पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू.

रेघ तिथेच. रंगाखाली झाकलेलीही दिसली, आता तीन बोटं.

हिंमतरावाने वही उघडली. बेरीज बरोबर होती. पहिल्याच ओळीत मात्र गर्डर अखंड धरला होता. तड्याच्या टोकाशी ताण किती पट होतो, याला वहीत ओळच नव्हती.

"किती वरीस ऱ्हायनात, सायेब?"

"माहीत नही."

"आनि मन्ही नोकरी?"

"ऱ्हाई. जा, लाल झेंडी लई या. गाड्या थांबाडनी पडतीन."

लोटन गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चौकीकडे चालू लागला.

त्या सकाळी, दोघं पुलावर येण्याआधी, सुरतेची पॅसेंजर तिसऱ्या गर्डरवरून पूर्ण वेगाने गेली होती.