ऐकणाऱ्याचं नाव

धाकटी परवापासून बाबांपासून एक गोष्ट लपवत होती. तंबूवरच्या फांदीवर अंगठ्याएवढा वटवट्या पक्षी, हजारो मैल उडून आलेला, जीव तोडून गात होता, आणि खाली स्टोव्हपाशी तिचे बाबा म्हणत होते, "यंदा उशीरच केला लेकाच्यांनी!"

बाबांनी तीस वर्षं गिरणीत यंत्रं दुरुस्त केली. कुठलं बेअरिंग गेलंय, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पक्ष्यांच्या वहीतही त्यांचा तोच खाक्या. वसंतातला पहिला वटवट्या दिसला तर नोंद नाही, ऐकला तरच. आधी तारीख, पुढे ऐकणाऱ्याचं नाव. एकवीस वसंत झाले, एकवीस वेळा बाबांचंच नाव. चुकीची तारीख घालण्यापेक्षा वही चुलीत घाला, असं ते सगळ्यांना सुनवायचे.

त्याच गिरणीने त्यांच्या कानातले बारीक सूर खाऊन टाकले होते. बोलणं नीट ऐकू यायचं, म्हणून घरात कुणाला पत्ताच नव्हता. परवा सकाळी धाकटी "बाबा, आला!" म्हणून ओरडणार, तोच ते म्हणाले, "किती शांत आहे, नाही?" बाबांना तो ऐकूच येत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. तंबूचे दोर आवळ, सैल कर, पुन्हा आवळ. आज दुपारी परत निघायचं. सांगावं तर बाबा खचणार, गप्प बसावं तर वही खोटी पडणार.

"पायाला भिंगरी लावलीस का?" बाबा करवादले. "बस जरा. चहा घे."

ती बसली. बाबांनी सवयीने दुर्बीण वर केली आणि तशीच धरून ठेवली, बराच वेळ. वर चोच उघडत होती, मिटत होती, इवलासा गळा थरथरत होता.

"गातोय?"

"हो."

"आत्ता आला?"

तिला रडूच फुटलं. "परवा, बाबा."

"दोन दिवस मला वेड्यात काढलंस?" ते चांगलेच भडकले. पाठ फिरवून बसले. चहा पार निवून गेला. मग त्यांनी वही तिच्या मांडीवर टाकली.

"परवाची तारीख घाल. पुढे तुझं नाव."

तिने पेन्सिल उचलली. ते जवळ सरकले.

"थांब. आधी नीट ऐक. शेवटी सूर घसरतो ना त्याचा, जरासा?"

तिने श्वास रोखून ऐकलं. "घसरतो."

"मग तोच," बाबा म्हणाले. "लिही."