मु. पो. टेंभुर्णी

जालन्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात निजामोद्दीन मुन्शीचं टेबल तीस वर्षं एकाच खांबाला टेकून होतं. अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. शिकला उर्दूतून, पण मराठी अक्षर असं वळणदार, की आतले कारकूनसुद्धा पोरींच्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्याच्याकडून लिहून नेत. आपल्या हातचा कागद कधी परत येत नाही, असं तो चारचौघांत सांगे, आणि ते खरंही होतं.

शेजारी तातेराव बसे, स्टँप विकणारा. स्टँप कमी आणि तोंड जास्त, असा त्याचा धंदा. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला फाशीचा विषय मिळाला होता. दिल्लीच्या मोठ्या कोर्टात वाद चालला होता, की गळ्यात दोरी घालून मारणं हा रानटीपणा आहे का, त्याऐवजी सुई टोचून किंवा गोळी घालून मारावं का. तातेराव पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मग स्वतःच न्यायाधीश होऊन निकाल द्यायचा.

"त्या लेकराला कोनी विचारलं व्हतं का, तुला कोनत्या रीतीनं मारू म्हनून?" तो म्हणाला, आणि निजामोद्दीननं मान डोलावली.

ते लेकरू कोण, हे जालन्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. जुन्या जालन्यातले कापडवाले बद्रीनाथ, त्यांची सहा वर्षांची बेबीनंदा. तीन वर्षांपूर्वी दुकानातल्याच हमालानं भरदुपारी घरात शिरून दागिन्यांसाठी तिला आणि तिच्या आईला मारलं होतं. निजामोद्दीन ईदचं कापड तिथूनच घेई. बेबीनंदा गजाचं दुसरं टोक धरून बसायची आणि मोजून झालं की, अजून थोडं घ्या ना मुन्शीजी, म्हणायची. दोन तिरड्या एका वेळी गल्लीतून निघाल्या तेव्हा तोही मागून चालला होता. घरी येऊन बायकोला, शकीलाला, म्हणाला होता, की असल्याला भर चौकात लटकवलं पाहिजे.

तर तातेरावाचा निकाल ऐकून त्यानं मान डोलावली, आणि खांबाच्या पलीकडून एक म्हातारी उठून टेबलापाशी आली. टेंभुर्णीची सोनूबाई. त्याच हमालाची, पुंजारामची आई. मघापासून ती तिथंच बसली होती आणि सगळं ऐकत होती.

वरच्या कोर्टानं फाशी कायम केली होती. आता राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करायचा होता, म्हणून वकिलानं तिला मुन्शीकडे धाडलं होतं. निजामोद्दीनच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण व्हरांड्यात बसणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही. त्यानं कागद पुढे ओढला.

"त्यानं केलंय, मी न्हाई म्हनत न्हाई," सोनूबाई म्हणाली. "जल्मभर कोंडा म्हनावं. पन मारू नका."

तो लिहीत गेला. अर्जदार वृद्ध आहे, विधवा आहे, एकुलता एक मुलगा आहे. हात आपोआप चालत होता. मग ती म्हणाली, अजून एक लिहायचंय. पुंजारामच्या मानेला लहानपणी गाठ आल्ती, डावीकडं. दवाखान्यात कापली. तेव्हापासून त्याला गळ्याला काही लागलेलं सोसत नाही. सदऱ्याची वरची गुंडी त्यानं कधी लावली नाही. लग्नात हारसुद्धा हातात धरून बसला होता. दोरी त्याला फार खुपेल, एवढं साहेबांना कळवा.

तातेरावानं खाकरून तोंड फिरवलं. राष्ट्रपतींना असलं लिहीत नसतात, असं निजामोद्दीननं तिला सांगितलं. तिला ते पटलं. मोठ्या माणसांच्या रीती मुन्शीला ठाऊक असणार. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "मुन्शीजी, किती वेळ लागतो?"

"पापनी लवायच्या आत," तो म्हणाला. खरं तर त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

अर्जाच्या शेवटी पत्ता. त्यानं 'मु. पो. टेंभुर्णी' असं लिहिलं आणि टाक थांबला. टेंभुर्णी तालुका जाफराबाद, पण जिल्हा कोणता लिहायचा? जालना जिल्हा होऊन दोन वर्षंच झाली होती. केस त्याआधीची, तिच्या सगळ्या कागदांवर औरंगाबाद होतं. एरवी तो उठून आत जाई, कारकुनाला विचारी आणि मगच ओळ पुरी करी. त्या दिवशी तो उठला नाही. समोर म्हातारी, डोळ्यांपुढे गजाचं टोक धरलेली पोरगी, आणि हा कागद एकदाचा हातावेगळा व्हावा एवढंच मनात. नंतर विचारून भरू म्हणून त्यानं ओळ तशीच सोडली आणि म्हातारीचा अंगठा घेतला. अंगठ्याची शाई तिनं डोक्याच्या केसांना पुसली, जशी सगळेच पुसतात. संध्याकाळच्या टपालानं अर्ज गेला. रिकाम्या ओळीची आठवण त्याला कशाला राहते? त्याच्या लेखी जगात टेंभुर्णी एकच होती.

मग महिन्याच्या महिन्याला सोनूबाई एस्टीनं यायची, कागद आला का विचारायची आणि परत जायची. तुरुंगात ती एकदाच जाऊन आली होती. फार लांबचा प्रवास. पुंजारामच म्हणाला होता, उगी खर्चा करू नको माय, शेवटच्या भेटीला सरकारच बोलावतं, तेव्हा ये. त्या भेटीची तिनं तयारी करून ठेवली होती. जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा, धडपं म्हणतात तसलं, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ केलेला. कमरेला खोचलेलाच असायचा. दया नाहीच आली तर तो लेकाला द्यायचा, दोरीखाली मानेला गुंडाळायला. साहेब गुंडाळू देतील ना, असं तिनं मुन्शीला विचारलं होतं.

त्या रात्री निजामोद्दीनला जेवण गेलं नाही. चौकात लटकवा म्हणणारा तो, पण चौकात हे धडपं कुठून आलं, ते त्याला समजेना. बेबीनंदा आठवली की फाशी बरोबर वाटे आणि धडपं आठवलं की घास फिरे. दोन्ही खरं कसं असू शकतं, हे विचारायचं तर शेजारी होता तातेराव, म्हणून त्यानं कोणालाच विचारलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी तातेरावानं पेपर उघडला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं वाचला नाही. नुसता पुढे सरकवला. कोपऱ्यात चार ओळी होत्या. दयेचा अर्ज फेटाळला गेल्यामुळे पुंजारामला काल पहाटे फाशी देण्यात आली. म्हातारी भेटून आली असेल बिचारी, एवढं निजामोद्दीन मनात म्हणतो न म्हणतो, तोच कोर्टाच्या फाटकातून सोनूबाई येताना दिसली. झपाझप येत होती.

"काल सांच्याला टपालवाल्यानं दिला," तिनं लिफाफा पुढे केला. "सरकारी हाय. म्या कोनाला वाचू दिला न्हाई. तुमच्याच तोंडून ऐकायचा व्हता. दया आली ना, मुन्शीजी?"

लिफाफ्यावर अर्जातलाच पत्ता टाइप केलेला होता, 'मु. पो. टेंभुर्णी', पुढे काही नाही. खाली सोलापूर जिल्ह्यातल्या टपाल कचेरीचा शिक्का. त्यावर कोणा भल्या माणसानं लाल शाईनं लिहिलं होतं, 'या गावी अशी बाई नाही, जालन्याकडच्या टेंभुर्णीत पाहावे.' निजामोद्दीनला तिकडे एक टेंभुर्णी आहे, आणि आपल्याहून मोठी आहे, हे त्या दिवशी कळलं. आत कागद होता. अर्ज नामंजूर, अमुक तारखेला शिक्षा, नातेवाइकांनी भेटीसाठी दोन दिवस आधी हजर राहावे. सोलापुराकडे फिरण्यात कागदाचे अकरा दिवस गेले होते.

त्यानं वाचून दाखवलं. तारीख दोनदा वाचली. सोनूबाई खाली बसली. म्हणाली, "मंग तो वाट पाहून राह्यला असंल. त्याला वाटलं असंल, माय आली न्हाई."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि तातेराव बोलला नसता. पण निजामोद्दीननं सांगितलं. पत्ता मी अर्धा सोडला, म्हणाला. जिल्हा लिहिला नाही.

"भुललात, मुन्शीजी. मानूस भुलतं."

"भुललो न्हाई, बाई. उठलो न्हाई. ती पोरगी डोळ्यांपुढं व्हती. तुमच्या पोराचा राग व्हता मनात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"लेकराला मारलं त्यानं. तुमचा राग बराबर हाय," ती म्हणाली. "पन म्या कोनाला मारलं व्हतं?"

निजामोद्दीननं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्याला हुंदका आवरला नाही. तातेराव उठून लांब जाऊन उभा राहिला.

जरा वेळानं सोनूबाईच म्हणाली, लिहा. त्याचे कपडे, काही सामान असेल ते मागवून घ्या. त्यानं अर्ज लिहिला. शेवटच्या ओळीपाशी आला तेव्हा त्याच्या हाताकडे बघत तिनं शाळेतल्या पोरासारखं एकेक म्हणून दाखवलं, मुक्काम पोस्ट टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना. तो तिच्यामागून लिहीत गेला. मग तिनं अंगठा उठवला. या खेपेला शाई तिनं केसांना पुसली नाही. कमरेचं धडपं काढलं, त्याला अंगठा पुसला, आणि ते टेबलावरच ठेवून ती गेली.